माणशी अर्धा एकर पाणी
विलासराव साळुंखे यांची कारखान्यापासून पाणी पंचायतीपर्यंतची वाट
— ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग



वार्तापत्राच्या या अंकासाठी शेतकी खात्याकडून लेख मागितला तेव्हा अपेक्षा नेहमीचीच होती. सुरू लागणीचे बेणे, खोडव्यातले पाचट, हुमणीचा बंदोबस्त, असे काहीतरी. ते विषय पुढच्या अंकात घेऊच. या वेळी एका माणसाची माहिती द्यायची आहे. हा माणूस ऊस उत्पादक नव्हता. उलट त्याने घालून दिलेल्या नियमांत एक नियम असा होता की, योजनेच्या पाण्यावर ऊस लावायचा नाही! ऊसविकास अधिकाऱ्याने अशा माणसाबद्दल लिहावे, आणि तेही साखर कारखान्याच्या वार्तापत्रात, हे काय, असे कोणी विचारील. लेख पुरा वाचावा आणि मग जरूर विचारावे.

दुसरेही एक कारण आहे. गटवार बैठकांना गेलो की हल्ली एक तक्रार हटकून कानावर येते. पोराला इंजिनिअर केला, पुण्याला कंपनीत चिकटला, आणि आता म्हणतो नोकरी सोडून काहीतरी दुसरेच करतो. बापाला वाटते, शिक्षणाचा पैसा पाण्यात गेला. अशा बापांनीही पुढची हकीकत वाचावी. माणसाची वाट सरीसारखी सरळ असलीच पाहिजे असे नाही.

विलासराव साळुंखे हे नाव आज पाणी पंचायतीशी जोडले गेले आहे. पण ते तिथवर शेतीच्या वाटेने पोहोचले नाहीत. ते इंजिनिअर. पुण्यात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग नावाचा. तिथे मोजमापाची अचूक साधने तयार होत. वर्कशॉपच्या भाषेत त्यांना गेज म्हणतात. बंद हंगामात आपल्याकडे मिलचे रोलर उघडतात तेव्हा फिटर मंडळी शाफ्टला मायक्रोमीटर लावून झीज बघतात, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. गेज बनवणाऱ्याचा धंदा या मायक्रॉनवर चालतो. 'साधारण', 'अंदाजे', 'बघून घेऊ' असले शब्द तिथे कामाचे नाहीत. माल परत येतो. एवढे लक्षात ठेवावे, पुढे ते लागणार आहे.

कारखाना चालला होता. धंद्यात बस्तान बसलेला माणूस साधारणपणे दुसरे शेड बांधतो, तिसरे मशीन आणतो. साळुंखे यांच्या बाबतीत मध्येच १९७२ चा दुष्काळ आला.

माझ्या वयाच्या लोकांनी तो दुष्काळ पाहिलेला नाही. आम्हाला माहीत आहे ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून. सुकडी, लाल मिलो ज्वारी, दावणीची जनावरे सोडून देणे आणि रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. यातले बरेच जण जमीनवाले शेतकरी होते, हे विसरू नये. घरची दहा-पंधरा एकर जमीन, आणि हातात हातोडा.

साळुंखे यांनी हे पुरंदर तालुक्यात पाहिले. सासवड-जेजुरीचा हा मुलूख. तालुक्याच्या दक्षिणेला नीरा नदी आहे. वीर धरणातून निघणारा डावा कालवा पुढे बारामती-इंदापूरच्या उसाला पाणी देतो. पण पुरंदरचा बराचसा भाग उंचावर, कालव्याच्या डोक्यावर, आणि म्हणून कोरडा. पाणी डोळ्यांना दिसते आणि शेताला मिळत नाही, अशी स्थिती. आपल्या कार्यक्षेत्रातल्या माळावरच्या गावांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता इथे कारखानदार काय करतो? पैसे देतो, धान्य वाटतो, फोटो निघतो आणि परत जातो. तेही वाईट नाही; भुकेल्याला धान्य लागतेच. साळुंखे मात्र इंजिनिअरच्या डोक्याने बघू लागले. एवढी माणसे एवढे कष्ट करतात, त्यातून खडीचे ढीग उभे राहतात, आणि पुढच्या वर्षी पाऊस हुकला की पुन्हा तीच माणसे त्याच ढिगावर. मग हीच मजुरी पाणी अडवायला आणि माती धरायला का लावू नये? त्यांनी ही कल्पना शासनापुढे मांडली. शासनाचा गाडा आपल्याला माहीत आहे. तेव्हा त्यांनी स्वतःच करून दाखवायचे ठरवले.

१९७४ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे देवस्थानची ४० एकर जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. जमीन कसली, उताराचा माळ. ज्या जमिनीवर गावातल्या माणसानेही आशा सोडली होती ती त्यांनी मुद्दाम निवडली असे म्हणायला हरकत नाही. तिथे उतारावर ताली-बांध घातले, ओघळी बांधून काढल्या, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर काढली आणि विहिरीचे पाणी पंपाने परत वरच्या शेतात नेले. वरच्या टोकाला गवत आणि झाडे. यात नवीन यंत्र कोणतेही नाही. वरून वाहत जाणारे पाणी पायरी-पायरीने थांबवायचे, जमिनीत जिरवायचे, आणि लागेल तेवढे उचलून घ्यायचे. आज याला पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात आणि त्यावर शासनाच्या मोठमोठ्या योजना निघाल्या. १९७४ साली हे शब्द गावात कोणाला माहीत नव्हते. पुढे राळेगणसिद्धीत काम उभे करताना अण्णा हजारे यांनीही साळुंखे यांच्या कामापासून धडा घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

या ठिकाणी एक हिशेब मांडतो. हिशेब माझा आहे, पण पद्धत गेज बनवणाऱ्याची. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ४० एकरांवर पडणारे एकूण पाणी होते सुमारे ८ कोटी लिटर. ऐकायला आकडा प्रचंड. आता उसाकडून बघू. मोकाट पाटपाण्यावरच्या सुरू उसाला साधारण २५०० मिलिमीटर पाणी आपण देतो. आडसालीला त्याहून बरेच जास्त जाते. २५०० मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे १ कोटी लिटर. म्हणजे त्या ४० एकरांवर पडलेला पावसाचा थेंब न् थेंब धरून ठेवला, एकही वाहू दिला नाही, उन्हाने उडू दिला नाही, तरी भागेल फक्त ८ एकर ऊस. आणि बाकीचे ३२ एकर? तिथे कुसळेच.

रब्बी ज्वारीला संरक्षित पाण्याच्या तीन पाळ्या, दर पाळीला ७५ मिलिमीटर, अशा धरल्या तर एकरी ९ लाख लिटर लागते. एक एकर उसाच्या पाण्यात अकरा एकर ज्वारी. मी ऊस लावू नका म्हणत नाही. माझी नोकरीच उसाची आहे. पण हा आकडा मनात ठेवून साळुंखे यांचे नियम वाचले की ते हट्टी वाटत नाहीत.

नायगावचे शेत पिकू लागले तेव्हा आसपासच्या गावांतून माणसे बघायला येऊ लागली. आमच्याकडेही करा, असे म्हणू लागली. इथे साळुंखे यांच्या वाटेला दुसरे वळण मिळाले, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. एका मालकाच्या ४० एकरांवर पाणी खेळवणे हे इंजिनिअरचे काम. पन्नास कुटुंबांत एक विहीर चालवणे हे निराळे काम. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेमार्फत त्यांनी ते हाती घेतले. पत्नी कल्पनाताई साळुंखे याही या कामात बरोबरीने होत्या. याच कामाला पाणी पंचायत हे नाव पडले.

नियम थोडे होते आणि स्वच्छ होते.

योजना एकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. पाणी जमिनीच्या एकरावर वाटले जाणार नाही, घरातल्या डोक्यांवर वाटले जाईल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याची जमीन तीस एकर आहे त्यालाही घरात पाच माणसे असतील तर अडीचच एकराचे पाणी. बाकीची साडेसत्तावीस त्याने पावसावर करावी. पाण्याचा हक्क सातबाऱ्याला चिकटणार नाही. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जाणार नाही, ते गटाकडे परत येईल. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. ऊस किंवा तशी जास्त पाणी पिणारी पिके घेता येणार नाहीत. आणि खर्चातला वाटा प्रत्येकाने आधी भरायचा.

यातला सातबाऱ्याचा नियम पहिल्या वाचनात कळत नाही, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. आपल्याकडे उपसा योजना आली की काय होते ते आठवा. पाइपलाइनची आखणी झाल्याबरोबर त्या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव चढतो. अडलेला शेतकरी चार पैसे दिसले म्हणून विकतो. घेणारा बाहेरचा किंवा गावातलाच सबळ. पाच वर्षांत पाणी त्याच ठिकाणी असते, पण ज्यांच्यासाठी योजना झाली ते त्याच शेतावर मजुरीला येतात. पाणी जमिनीला बांधलेले असले की जमीन घेणारा पाणीही घेऊन जातो. साळुंखे यांनी ही गाठच सोडून टाकली. कोरडी जमीन विकत घेऊन कोणाला पाणी मिळणार नसेल, तर ती घ्यायला कोण धावेल?

पैशाची व्यवस्थाही बघण्यासारखी आहे, कारण इथे कारखानदार दिसतो. समजा योजनेचा खर्च १ लाख रुपये. त्यातले २० हजार शेतकऱ्यांनी आधी रोख जमवायचे. ५० हजार शासनाचे अनुदान. राहिलेले ३० हजार प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जाऊ, ते हप्त्याने फेडायचे. गरीब माणसाकडून २० टक्के आधी मागणे कडक वाटते. पण ज्या योजनेत आपला घामाचा पैसा अडकला आहे तिची मोटर जळाली तर माणूस रात्री उठून जातो. फुकट मिळालेली मोटर जळाली तर तो अर्ज लिहितो. हा फरक आपण सहकारातली माणसे चांगला ओळखतो. भागभांडवल भरल्याशिवाय आपल्यालाही कोणी सभासद करून घेतले नव्हते.

वाटपासाठी गटाने पाटकरी नेमायचा. पाळी केव्हा कोणाची, किती तास, हे त्याने बघायचे, वहीत मांडायचे, आणि त्याचा पगार गटाने द्यायचा. पाटकऱ्याचे काम दिसते सोपे, पण गावात सर्वांत जास्त शिव्या त्यालाच बसतात. तो कोणाच्या भावकीतला आहे यावर योजना टिकते की मोडते हे ठरते, असे माझे आपल्या भागातल्या पाणीवाटपावरून मत झाले आहे.

आता चळवळीचा भाग. साळुंखे नायगावच्या शेतावर थांबले नाहीत. पाणी ही कोणा एकाची मालमत्ता नाही, ते सर्वांचे आहे आणि ते माणसांच्या संख्येने वाटले पाहिजे, हे म्हणणे ते पुढेही मांडत राहिले. शासनाच्या खर्चाने बांधलेल्या धरणाचे पाणी थोड्या गावांना भरपूर आणि शेजारच्या गावाला प्यायलाही नाही, हे त्यांना पटत नव्हते. कारखानदाराने असे बोलणे हे त्या काळी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. मोर्चे काढायचे ते कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी, अशी आपली समजूत. पण त्यांच्या तिन्ही कामांत एकच सवय दिसते: आधी मोजायचे, मग बोलायचे. मापे घ्यायची ती आधी लोखंडाची, मग उतारावरच्या पाण्याची, आणि शेवटी माणसामाणसातल्या वाट्याची.

हाच विचार त्याच काळात दुसरीकडेही रुजत होता. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेले बळीराजा स्मृती धरण आपल्यापैकी काहींना माहीत असेल. तिथेही जमीन असो-नसो, पाण्यात सर्वांना वाटा, हा आग्रह होता.

सगळे गोड झाले असे मात्र नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुरंदर आणि आसपास पाणी पंचायतीच्या अनेक योजना उभ्या राहिल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. उपसा म्हटला की विजेचे बिल आले. वीज वेळेवर नाही, बिल मात्र वेळेवर. ज्याच्याकडे पैसा आला त्याने स्वतःची विहीर खोल केली, मग त्याला गटाच्या पाळीची गरज वाटेना. एक जण बाहेर पडला की बाकीच्यांच्या बिलाचा वाटा वाढतो, मग दुसरा निघतो. आपल्या सहकारी उपसा योजनांची जी कहाणी तीच ही. साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायत हा शब्द मात्र राहिला. ओडिशाने तर २००२ साली पाणी वापरणाऱ्यांच्या संस्थांसाठी जो कायदा केला त्याचे नावच पाणी पंचायत कायदा असे ठेवले.

आपल्या राज्यात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा आला. त्यात पाणीवापर संस्थेला पाणी घनमापाने, म्हणजे मोजून द्यायचे असे ठरले. म्हणजे मोजण्याचा अर्धा भाग कायद्याने घेतला. वाटपाचा अर्धा भाग घेतला नाही; तिथे अजून क्षेत्र हाच आधार आहे. ज्याला क्षेत्र नाही त्याला पाणी नाही.

इथे आपल्या सहकाराबद्दल एक गोष्ट बोलावीशी वाटते. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कष्टाने १९५० मध्ये उभा राहिला तेव्हापासून आपण एक तत्त्व अभिमानाने सांगतो: एक सभासद, एक मत. ज्याचा ऊस वीस गुंठे आहे त्याचे मत एक, ज्याचा वीस एकर आहे त्याचेही एकच. कोणी म्हणत नाही की वीस एकरवाल्याला चाळीस मते द्या. मत आपण डोक्यावर मोजतो. पाणी मात्र एकरावर, आणि खरे सांगायचे तर पंपाच्या अश्वशक्तीवर मोजतो. ज्याची मोटर मोठी आणि बोअर खोल, त्याचे पाणी. साळुंखे यांनी एवढेच केले की, मताला जो न्याय तोच पाण्याला लावला.

आता आपल्या अंगणात येऊ. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या अहवालातला एक आकडा वर्तमानपत्रांतून वारंवार येतो: महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागा घेतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. हे वाचून आपल्याला राग येतो. मलाही येतो. शहरातल्या माणसाला हे लिहिणे सोपे आहे. शेतकरी ऊस का लावतो, तर एफआरपी ठरलेली असते, माल घ्यायला दारात टोळी येते, आणि कांद्यासारखा भाव एका रात्रीत मातीत जात नाही. ज्वारीला, तुरीला असा आधार कोण देतो? तो दिल्याशिवाय नुसते ऊस कमी करा म्हणणे अन्यायाचे आहे. माझा साळुंखे यांच्या ऊसबंदीशी सरसकट मेळ बसत नाही तो एवढ्यासाठीच. पुरंदरच्या माळाला जो नियम योग्य, तो नदीकाठच्या काळ्या जमिनीला तसाच्या तसा लावता येणार नाही.

पण राग आला म्हणून पाणी वाढत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या वेळी आपल्याच कार्यक्षेत्रात माळावरच्या गावांना टँकर चालू होते, आणि त्याच आठवड्यात नदीकाठच्या गटांत मी पाट फुटून रस्त्यावर आलेले पाणी पाहिले. त्या शेताच्या मालकाला हटकले तर म्हणाले, "साहेब, हाय तवर द्यायचं. संपल्यावर कोण इचारतंय?" या उत्तरात लबाडी नव्हती, भीती होती. मी नाही घेतले तर शेजारी घेईल, ही ती भीती. पाणी पंचायतीचा नियम या भीतीवरचा इलाज आहे. माझा वाटा ठरलेला आहे आणि तो कोणी पळवणार नाही अशी खात्री असली की माणूस मोकाट सोडत नाही.

शिवाय जास्तीचे पाणी उसाला तरी लागू पडते का? नदीकाठच्या ज्या जमिनी क्षारपड झाल्या त्या तहानेने झाल्या नाहीत. पाणी साचले, निचरा राहिला नाही, क्षार वर आले, आणि साठ टनांची जमीन वीस टनांवर आली. ठिबकाखाली तोच ऊस जवळपास निम्म्या पाण्यात येतो. पाटावर एकरी ४० टन आणि १ कोटी लिटर धरले तर एका किलो उसाला २५० लिटर पाणी पडले. ठिबकावर ५० टन आणि ५५ लाख लिटर धरले तर किलोला ११० लिटर. २०१७ साली राज्य शासनाने ठराविक लाभक्षेत्रांत उसाला ठिबक सक्तीचे करायचे ठरवले होते. ते किती अमलात आले हे आपण आपल्या शिवारात उभे राहून बघू शकतो.

मात्र ठिबकात एक फसगत आहे. पाणी वाचले की तेवढ्यातच दुसरा एकर लागणीखाली येतो. दोन एकर ऊस असलेला चार एकर करतो. विहिरीला काही फरक पडत नाही, आणि खालच्या अंगाच्या विहिरीला काय वाटले ते कोणी विचारत नाही. वाटा ठरवल्याशिवाय नुसती काटकसर केली तर तिचा फायदा ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच होतो. म्हणून पाणी पंचायतीच्या हिशेबाने एक गणित मी करून पाहिले. पाच माणसांच्या कुटुंबाला अडीच एकर ज्वारीपुरते पाणी म्हणजे साडेबावीस लाख लिटर. तेवढ्यात पाटपाण्यावर ऊस बसतो नऊ गुंठे, ठिबकावर सोळा गुंठे. नऊ गुंठे ऊस! यावर कोणाचे घर चालणार नाही, हे मान्य. पण माझ्या यादीत अशी कुटुंबे आहेत की ज्यांच्याकडे आज नऊ गुंठेसुद्धा भिजत नाहीत, आणि तेही आपले भागधारक आहेत. त्यांच्या नावावर शेअर आहे, ऊस नाही, म्हणून त्यांना साखर आणि वार्षिक सभेची नोटीस एवढेच मिळते.

या बंद हंगामात ज्या उपसा गटांना इच्छा असेल त्यांनी निदान पहिले काम करावे: आपले पाणी मोजावे. वाटपाचे भांडण पुढे करता येईल, आकडा हातात आला की ते निम्मे होते. मोजायला इंजिनिअर लागत नाही. दोनशे लिटरचे बॅरल पंपाच्या तोंडाखाली धरा आणि घड्याळ बघा. वीस सेकंदांत भरले तर सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६ हजार लिटर. एक एकराला आठ सेंटिमीटरची पाळी द्यायला सव्वातीन लाख लिटर लागतात, म्हणजे याच पंपाला नऊ तास. तुमची पाळी चौदा तास चालत असेल तर पाच तासांचे पाणी कुठे जाते ते पाटाच्या कडेने चालत जाऊन बघा.

पाटातले पाणी मोजायला पत्र्याची नव्वद अंशांची व्ही-नॉच खाच वापरतात. पत्रा पाटात आडवा आणि सपाट बसवायचा, बाजूने गळती राहू द्यायची नाही. पाण्याची उंची खाचेच्या वर, मागे दोन हात अंतरावर, जिथे पाणी संथ आहे तिथे खाचेच्या टोकापासून मोजायची. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर, २० असेल तर २५ लिटर जवळपास. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त होते, एवढे ध्यानात ठेवावे. नाहीतर "दोन बोटं जास्त आलं" म्हणताना आपण किती जास्त घेतले ते कळत नाही.

ज्यांना असा पत्रा हवा असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव, गट नंबर आणि पंपाची अश्वशक्ती लिहून द्यावी; शेतकी विभागाचा माणूस येऊन पहिल्या वेळी बसवून देईल. तीन पाळ्यांचे आकडे गटातल्या कोणीतरी एकाच वहीत लिहावेत, पाटकरी असेल तर त्यानेच. ती वही घेऊन आपण पुढच्या गटवार बैठकीत बसू. बैठकीला ज्यांच्या शेताला पाणी येत नाही अशा सभासदांनाही बोलवावे, आणि मायबहिणींनाही. रात्रीची पाळी असली की कंदील घेऊन बांधावर त्याच असतात.